स्टेजवर लायब्ररी हलकीच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कीबोर्डशेजारी लॅपटॉप दिसला की ‘आवाज तयारच असतात, हा नुसत्या पट्ट्या दाबतो’ असं प्रेक्षक म्हणतात. म्हणू देत. पण हल्ली नवे वादक स्टुडिओसाठी बनवलेली पियानोची अवजड लायब्ररी, म्हणजे खऱ्या पियानोच्या ध्वनिमुद्रित सुरांचा संच, लॅपटॉपवर जशीच्या तशी कार्यक्रमात आणतात आणि ऐन रंगात आवाज तुटतो, म्हणून हे पत्र.

अशा लायब्ररीत एकेका सुराची हळुवारपासून जोरकसपर्यंत कितीतरी सॅम्पल (ध्वनिमुद्रित तुकडे) असतात, तीही निरनिराळ्या माइकांवरून घेतलेली. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओ म्हणजे सेकंदाला अडीच लाखांहून जास्त बाइट, आणि हे एका सुराचं, एका माइकजोडीचं. सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून दोन्ही हात चालवले की आधीचे सूर विरण्याआधीच नवे येऊन साचतात. घरी बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा, वाढवून भागतं. स्टेजवर 512 चा बफर एकटाच साडेअकरा मिलिसेकंद खातो आणि हात ठेक्याच्या मागे पडू लागतो. 128 वर तेच तीनच्या आत येतं, पण मग प्रोसेसरला दम लागतो.

म्हणून मी कात्री चालवतो. एकच माइकजोडी, जोराचे मोजके लेयर (थर), पॉलिफनीला, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या संख्येला, मर्यादा. पट्टी सोडल्यावरची खुटखुट बंद; ती पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. रात्रभर लागणारे सगळे आवाज आधीच रॅममध्ये चढवलेले. मेलोट्रॉन या फितीवर चालणाऱ्या जुन्या कीबोर्डच्या पट्टीमागे जेमतेम आठ सेकंदांची फीत असे, तरी लोकांनी त्यावर संगीत केलंच की!

हेडफोनवर मात्र विश्वास ठेवू नये. सभागृहातली यंत्रणा पुष्कळदा मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणारी असते, आणि दूरदूरच्या दोन माइकांचा आवाज एकत्र झाला की मधलेच काही सूर पोकळ वाजतात. शिवाय स्टेजवर बोटांत जोर आपोआप वाढतो. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत, जोराचे टप्पे 127, पण कार्यक्रमात निम्मे सूर वरच्याच टोकाला जातात आणि पियानो कर्कश होतो. व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या किती जोराला किती आवाज हे प्रमाण, तालमीत, पूर्ण आवाजात, बाकीच्या वाद्यांसोबत वाजवूनच ठरवावं.

लायब्ररी बनवणाऱ्यांनी मोठ्या संचासोबत मोनोत तपासलेला एक हलका संचही द्यावा. काही जण देतात, पण तो नमुन्यादाखल उरकलेला असतो.

आपला,
एक कीबोर्डवादक