राजाची कापणी झाल्यावर

चि. रूथ,
सलाम आणि आशीर्वाद.

रविवारी युवक संघापुढे बायबलातलं योएल संदेष्ट्याचं पुस्तक घेणार आहेस आणि 'टोळ म्हणजे देवाची शिक्षा' इथंच अडलीयेस, हे फोनवर कळलं. बोलण्यात मी पडलो कच्चा, म्हणून लिहितो.

2020 चा मे आठव. टोळधाड अमरावती-वर्ध्याकडून आपल्या काटोलच्या बाजूला आली, तेव्हा तू पत्र्याचा डबा बडवत बागेत धावत होतीस. पहाटे मी एकटाच गेलो होतो. संत्र्याच्या झाडाखाली उभा राहिलो तर वरून नुसती चुरचुर, वाळल्या धसकटाला आग लागावी तशी. पुढं योएलचा दुसरा अध्याय काढला आणि तिथं हाच आवाज सापडला. हा माणूस नक्की बांधावर उभा राहिलेला होता!

पहिल्या अध्यायात त्याने टोळांना चार हिब्रू शब्द वापरलेत: गाझाम, अर्बे, येलेक, हासील. चार जाती की वाढीच्या चार अवस्था, यावर पंडित भांडतात. दुसऱ्या अध्यायात तोच क्रम बदलतो. मला ते नुकसान मोजणाऱ्या शेतकऱ्याचं बोलणं वाटतं. एकाने टाकलं ते दुसऱ्याने खाल्लं, त्याने टाकलं ते तिसऱ्याने. अंजिराची साल सोलून फांद्या पांढऱ्या पडल्या, असंही लिहिलंय. 1915 मध्ये पॅलेस्टाईनवर मोठी धाड आली, तेव्हा यरुशलेमच्या अमेरिकन कॉलनी नावाच्या ख्रिस्ती वसाहतीतल्या छायाचित्रकारांनी अंजिराच्या झाडाचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढले. नंतरच्या फोटोत उरल्यात नुसत्या काड्या.

आता शिक्षेचं. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात देवाशी केलेला करार मोडण्याचे शाप आहेत, त्यात टोळ आहे: पेराल पुष्कळ, घरी आणाल थोडं. त्यामुळे ऐकणाऱ्यांना टोळ दिसला की न्याय आठवणारच. पण योएल पुन्हा वाच. मागे फिरा म्हणतो, वस्त्रं नको, हृदयं फाडा म्हणतो, पण या धाडीमागे लोकांचं अमुक एक पाप आहे असं कुठंच सांगत नाही. आपल्याकडे धाड आली त्या वर्षी प्रार्थनेनंतर एकजण आपल्याच शेजाऱ्याबद्दल म्हणाला होता, "काहीतरी केलं असेल, म्हणून त्याचीच बाग गेली." मी गप्प बसलो. त्याची अजून टोचणी आहे.

म्हणून सांगतो, आमोस संदेष्ट्याचं पुस्तकही सोबत घे. अध्याय 7. तो मेंढपाळ, उंबराच्या जातीची झाडं राखणारा. त्याला देव टोळ घडवताना दिसतो. कधी? राजाची कापणी झाल्यावर, मागचा फुटवा येत असताना. म्हणजे राजाचा वाटा गेलेला, आता उगवेल ते गरिबाच्या पोटाचं, आणि त्यावरच टोळ! आमोस त्याचा अर्थ लावत बसत नाही. तो देवाशीच बोलतो: क्षमा कर, याकोब (म्हणजे इस्राएल लोक) किती लहान आहे, तो कसा टिकेल? आणि देव थांबतो.

टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देईन, हे वचन योएलात आहे, ते मुलांना आवडेल. पण त्याच वचनात देव टोळांना 'मी पाठवलेलं माझं मोठं सैन्य' म्हणतो. ते माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही. तू मात्र ते गाळू नकोस, मोठ्याने वाच.

तुझे,
बाबा