आजीच्या नावाची शिष्यवृत्ती

न्यूयॉर्क

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आजीच्या नावाने दरवर्षी दोन मुलांची फी भरायचं ठरवलंत, हे वाचून डोळे भरून आले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाने कुणीतरी पदवी घेईल! पण आप्पा, माझा एक हट्ट आहे. फीबरोबर प्रत्येक मुलामागे एक माणूसही उभा करा.

मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पहिल्या सत्रात एका विषयात मी नापास होता होता वाचले, हे तुम्हाला कधी कळवलंच नाही. आमचे प्राध्यापक आठवड्यातून दोन तास शंका विचारायला येणाऱ्यांसाठी बसायचे. मला वाटायचं, तिथे हुशार मुलांनी जायचं. शेवटी पुढच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने हाताला धरून आत नेलं. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं असतं, त्यांना या गोष्टी घरातल्या बोलण्यातूनच कळतात. बाकीच्यांना वाटतं, आपणच कमी पडतोय. मग एक दिवस ती मुलं यायची थांबतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथल्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये गरीब घरांतल्या मुलांसाठी ‘असॅप’ नावाची योजना सुरू केली. सरकारी मदत वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, बस-मेट्रोचा पास, आणि नियमित भेटणारा सल्लागार. एका सल्लागाराकडे तेव्हा साधारण 60 ते 80 मुलं असायची, म्हणजे नावानिशी ओळखता येतील इतकीच. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून अभ्यास झाला. तीन वर्षांत योजनेतली 40 टक्के मुलं पदवीपर्यंत पोहोचली, बाहेरची 22 टक्के. प्रवासाचा पास मिळवायचा तर सल्लागाराला भेटावंच लागे, ही युक्ती मला फार आवडली. मदत मागायची लाज वाटणारं मूलही त्या निमित्ताने समोर येऊन बसतं.

बाबासाहेबांचंच बघा ना. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले आणि ते इथे कोलंबिया विद्यापीठात आले. पण त्याच्या कितीतरी आधी केळुसकर गुरुजींनी त्या वाचणाऱ्या मुलाला हेरलं होतं, पुस्तकं दिली होती, महाराजांपर्यंत नेलं होतं. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, हेही विसरू नका. म्हणून तुमची मदत पहिल्या वर्षापुरती नको, शेवटच्या परीक्षेपर्यंत हवी. दोन मुलांना ते झेपत नसेल तर एकच घ्या.

पैसे सत्र सुरू होण्याआधी हातात पडू देत. ‘आधी भरा, मग मिळतील’ म्हटलं की गरिबाचं मूल तिथेच थांबतं. फीखेरीज थोडी रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात द्या आणि हिशोब मागू नका. पैसे सांभाळायला शिकणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

सोबतीचा माणूस निवडताना जपा. उत्साहाने येऊन दोन महिन्यांत गायब होणारा नको. मुलाला आधीच सोडून जाणारी माणसं पुष्कळ भेटलेली असतात, त्यात आणखी एकाची भर पडते. किमान वर्षभराचा शब्द घ्या. आणि आप्पा, रागावू नका, पण शाखा कुठली घ्यायची हे तुम्ही ठरवायचं नाही. सल्ला द्या, चार पर्याय दाखवा, मुलाखतीची तयारी करून घ्या, अर्ज मात्र त्याला भरू दे. सत्कार आणि फोटो तर नकोच. सगळ्यांसमोर आभार मानायला लावलं की मूल मिंधं होतं. मग अडचण आली तरी सांगत नाही.

एका मुलाची किंवा मुलीची सोबत मी करीन. दर रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करीन, इथे सकाळ असते. त्यांची हरकत नाही ना, हे आधी विचारा आणि मगच नंबर पाठवा.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर लिहा.

तुमची लेक