क्लास लावण्याआधी उत्तरपत्रिका उघडा

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरी येतात आणि पुण्यातल्या पालकांत एकच चर्चा सुरू होते, क्लास कुठला लावायचा? वरचा लाल आकडा सगळे पाहतात, आत नेमके काय चुकले ते फारसे कोणी पाहत नाही. तिसरी-चौथीच्या मुलाला क्लास लावण्याआधी दोन आठवडे रोज वीस मिनिटे त्याच्याजवळ बसून पाहावे. निम्म्या वेळा क्लासची गरजच उरत नाही, असे आमचे मत आहे.

वजाबाकीपासून सुरुवात करावी. ५२ मधून २७ वजा करायला सांगा. उत्तर ३५ आले तर मुलाला धांदरट म्हणू नका. 'सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन' असे त्याने केले आहे. वरचा अंक कोणता, खालचा कोणता हे न पाहता मोठ्यातून लहान वजा केला आहे. हातचा घ्यायचा म्हणजे एक दशक सोडवायचे, हे त्याला उमगलेले नाही. अशा मुलाला आणखी पन्नास उदाहरणे घातली तर तीच चूक पक्की होते. त्यापेक्षा खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहांचे पाच गठ्ठे रबराने बांधा, दोन सुट्या ठेवा आणि 'यातून सत्तावीस काढून दे' म्हणा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर मूल आपणहून एक गठ्ठा सोडते. आता गठ्ठे चार, सुट्या बारा. सात काढल्या की पाच उरतात, दोन गठ्ठे काढले की दोन. काड्यांची प्रत्येक हालचाल त्याच वेळी वहीत लिहून घ्यायची. बहुतेक घरांत हेच राहते, मग काड्यांनी जमते आणि कागदावर पुन्हा ३५ येते. हे बसले की ४०३ वजा १५८ द्या. दशकाच्या घरात शून्य असल्याने आधी शतक सोडवावे लागते, आणि तिथे मूल पुन्हा अडणार, हे धरूनच चाला.

'त्रेसष्ट' ऐकून मूल ३६ लिहीत असेल तर कारण सोपे आहे. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येते म्हणून ३९ लिहिले जाते. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये 'साठ तीन' धर्तीची नावे आली तेव्हा विनोदांचा पाऊस पडला होता. पण अडखळणाऱ्या मुलाकडून काही दिवस 'साठ तीन, त्रेसष्ट' अशी जोडीने म्हणवून घेऊन मग लिहायला लावले तर त्याला खरोखर मदत होते.

शाब्दिक उदाहरणे मात्र पुष्कळदा गणितामुळे नव्हे, वाचनामुळे चुकतात. एकेक अक्षर लावत वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत मूल सुरुवात विसरलेले असते. वाचन तपासताना पुस्तकातला धडा देऊ नका, तो ऐकून पाठ झालेला असतो. न वाचलेला सहा-सात ओळींचा मजकूर द्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकात तसा भरपूर मिळतो. 'पर्वत', 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' हे शब्द वाचायला सांगा. रफार उच्चारात आधी आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून 'पर्वत'चे 'प्रवत' होते. एकच परिच्छेद तीनदा घ्यावा : आधी तुम्ही ओळीवर बोट फिरवत, मग दोघांनी मिळून, शेवटी मुलाने एकट्याने. अडले तर थोडे थांबा, लगेच शब्द सांगू नका. रागावलात तर मूल पहिले अक्षर पाहून पुढचे अंदाजाने ठोकते, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

इंग्रजी माध्यमातल्या मुलाला विज्ञानाचा धडा घरी मराठीत सांगायला लावा. मराठीत सांगता आला तर उणीव इंग्रजीची आहे. मराठीतही सांगता आला नाही, तर धडाच समजलेला नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गाइडमधली उत्तरे उतरवून यातले काहीच कळत नाही.

हे सारे तिसरी-चौथीतच का? पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत, आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही, नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद राज्यात २०२३ पासून आहे. पाचवीत भागाकार अडला असे वाटते तेव्हा मूळ दुखणे बहुधा याच वजाबाकीत असते.

पालकसभेत 'आमचा कसा आहे?' असे विचारले तर 'ठीक आहे, लक्ष द्या' हेच उत्तर मिळणार. वही घेऊन जा आणि 'हातच्याची वजाबाकी येते का, वाचताना कुठे थांबतो?' असे विचारा. महापालिकेच्या व अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; या गोष्टी तिथेही मांडता येतात.

ज्या आई-वडिलांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, त्यांनी मुलाला मोठ्याने वाचायला सांगून 'काय झालं त्यात?' एवढे विचारावे. वाचन अडखळते की सलग चालते, हे कानांनाही कळते. काड्यांचे गठ्ठे बांधायलाही अक्षरओळख लागत नाही.

— दोन निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे ३०