दशावताराच्या परस्पर उचललेल्या चित्रफिती

महोदय,

जत्रांचा हंगाम सुरू झाला की तळकोकणातले दशावतारी प्रयोग मोबाइलवर चित्रित होऊन, कंपनीला (दशावतारी नाट्यमंडळाला) न विचारता संकेतस्थळांवर झळकतात. दशावतारातले बरेचसे संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतात. ती रचना त्यांचीच मालमत्ता. कॉपीराइट नियम, २०१३ नुसार लेखी तक्रार मिळाल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत चित्रफीत रोखायची असते. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते. रोज नव्या गावी रात्र जागवणाऱ्या नटांनी कोर्ट गाठायचे कधी? संकेतस्थळांनी तक्रारअर्जाचा नमुना मराठीत उपलब्ध करून द्यावा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने हंगामापूर्वीच मंडळांना मदत करावी, ही कळकळीची विनंती.

– एक दशावतारप्रेमी, कुडाळ