उलटी फुंकणी

फिजिओ मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी तुम्ही आईला विचारलंत, "आजी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?" तोवर दोन वर्षं तिला जो तो बिडी-तंबाखूचंच विचारत होता. ती नाही म्हणायची आणि समोरच्याला ते पटायचं नाही. याचा तिला धाप लागण्यापेक्षा जास्त राग होता. "४० वर्षं," ती म्हणाली. तुम्ही मूठ नळीसारखी तोंडाला लावून म्हणालात, "म्हणजे आजवर फुंकणीतून बाहेर फुंकलंत. आता आत ओढायचं." तेव्हापासून आमच्या घरात तुमच्या त्या श्वास ओढायच्या स्नायूंना व्यायाम देणाऱ्या यंत्राचं नाव 'उलटी फुंकणी'.

त्याआधी आम्ही मेडिकलमधून तीन गोळ्यांचं यंत्र आणलं होतं. गोळ्या वर गेल्या की नातवंडं टाळ्या पिटायची, धाप मात्र होती तशीच. त्या यंत्राने श्वास खोल घेतला जातो, पण स्नायूला म्हणावं तसं ओझं मिळत नाही, हे तुमच्याकडे कळलं. सीओपीडीत, म्हणजे आईच्या या श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजारात, हवा छातीत कोंडून राहते, फुप्फुसं फुगतात आणि घुमटासारखं श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वास ओढणारा मुख्य स्नायू, सपाट होत जातं. हे सांगताना तुम्ही उलटी ओंजळ हळूहळू पसरत नेलीत. आई आजही शेजारणींना तसंच करून दाखवते.

मग श्वास ओढायच्या जोराचं मोजमाप. नाकाला चिमटा, तोंडात नळी, सगळा श्वास सोडून जीव खाऊन आत ओढायचं. आकडा आला ३८ सेंटिमीटर पाणी. (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात हे मी शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकलं.) त्याच्या ३० टक्के, म्हणून उलट्या फुंकणीची स्प्रिंग ११ वर. तेवढा जोर लागला तरच झडप उघडते. सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३०. पहिले पंधरा दिवस यंत्र तुमचंच दिलंत. "जमतंय का बघा, मग विकत घ्या," असं हल्ली कोण सांगतं?

तिसऱ्या आठवड्यात तिला चक्कर आली आणि तिने यंत्र डब्यात बंद केलं. मालिका सुरू व्हायच्या आत ती तीस श्वास उरकत होती, हे तुम्ही फोनवर दोन प्रश्नांत ओळखलंत. झटकन ओढायचं, सोडताना मात्र सावकाश, मध्ये थांबायचं. रागावला नाहीत. मी रागावले होते.

आणि एक गोष्ट तुम्ही आधीच बजावली होती : फुप्फुसांचा रिपोर्ट सुधारणार नाही, औषधाचा पंप बंद करायचा नाही, नुसतं यंत्र ओढून पायात बळ येत नाही, चालावंच लागेल. त्या लांबलचक व्हरांड्यात सहा मिनिटांत ती पहिल्यांदा २१० मीटर चालली होती, आठ आठवड्यांनी २६२. श्वास ओढायच्या जोराचे ३८ चे ५१ झाले. रिपोर्ट खरोखरच जिथल्या तिथे आहे.

पण परवा तिने स्वतःच्या हाताने केस धुतले. दीड वर्षानंतर, मध्ये स्टुलावर न बसता. मी दाराबाहेर उभी होते, आतून तांब्याचा आवाज येत होता. तुम्हाला लिहायचं तेव्हाच ठरवलं.

मंगळवारी येतोय. स्प्रिंग आता २५ वर आहे, ती पुढे न्यायची का, हे ती विचारणार आहे. मी म्हटलं, राहू दे की. तर म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?"

आपली,
एका आजींची मुलगी