मी त्या सिनेमाला हो म्हटलंय

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. मी त्या सिनेमाचं काम घेतलंय. करारावर सही झाली. साउंड डिझाइन, म्हणजे सिनेमातले सगळे आवाज, पूर्ण माझ्याकडे आहे, त्यामुळे फायनल मिक्स, म्हणजे आवाजांची शेवटची जुळणी होईपर्यंत मला इथून हलता येणार नाही. पावसाळा संपला की घरी राहायला येते म्हणाले होते, ते आता पुढच्या वर्षावर गेलं. मधे एखाददोन दिवस येऊन जाईन, पण राहायला म्हणून नाही. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. आधी पूर्ण वाच.

फोनवर मुद्दामच बोलले नाही. फोनवर बाबांना माझे शब्द तुटक ऐकू येतात, मग ते ‘बरं बरं’ म्हणून फोन तुझ्याकडे देतात. हे त्यांनी स्वतः, चष्मा लावून, सावकाश वाचावं असं मला वाटत होतं. कारण बाबा, सिनेमा युद्धावरचा आहे. तोफखान्यावरचा.

तुम्हाला विचारून ठरवलं असतं तर आई हो म्हणाली असती आणि तुम्ही गप्प बसला असता. तुमच्या त्या गप्प बसण्यापुढे मला कधीच काही सुचलेलं नाही, मी काम सोडून दिलं असतं. म्हणून आधी ठरवलं आणि आता सांगतेय. एक गोष्ट मात्र अगदी निश्चिंत मनाने ऐका. हिरव्या ट्रंकेतल्या तुमच्या युद्धाच्या वहीतलं एक अक्षरही मी इथे कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सुभेदारकाकांचं तर नाहीच नाही. गोष्ट लेखकाने लिहिलेली आहे, त्यातली माणसं त्याची आहेत.

राहायची सोय चांगली आहे. खोली छोटी पण हवेशीर, खिडकी पूर्वेला, लिफ्ट आहे, खाली रात्रभर माणूस असतो. स्टुडिओ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जेवण वेळेवर मिळतं आणि गरम मिळतं. सोबतच्या मुली शहाण्या आहेत. रात्रपाळ्या शेवटच्या महिन्यातच असतील. पाठीसाठी नीट खुर्ची मागून घेतली आहे, तेव्हा पाठीची चौकशी करू नये.

आता कारण. बाबा, टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की तुम्ही उठून जाता, हे मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून बघतेय. आई म्हणायची, त्यांना त्रास होतो गं. पण हे काम शिकल्यावर मला वाटायला लागलं की त्रासाइतकाच तुम्हाला रागही येत असणार. पडद्यावर चहूबाजूंनी गोळे फुटतायत आणि नायक मित्राचं डोकं मांडीवर घेऊन भाषण करतोय, त्यातला शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतोय. स्फोट झाला की पेट्रोलचा केशरी लोळ उठतो. खऱ्या गोळ्याची ज्वाला क्षणभरच दिसते. वर उडते ती माती, दगड आणि काळाकरडा धूर. आणि पडद्यावर लांब कुठेतरी गोळा पडला की झगमगाट आणि आवाज एकाच क्षणी.

हे शेवटचं चुकतं, ते तर तुम्हीच मला शिकवलंत. वीज चमकली की मी तुमच्या शालीत शिरायचे आणि तुम्ही माझी बोटं धरून मोजायला लावायचात, एक, दोन, तीन. तीन सेकंदांना एक किलोमीटर. सहापर्यंत मोजलं की म्हणायचात, ‘लांब आहे, झोप आता.’ आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो हे शाळेत पुढे कळलं, पण हिशेब मला आधीच येत होता. हा हिशेब तुम्ही कुठून आणला होतात, ते फार उशिरा लक्षात आलं.

आमच्या सिनेमात लांबचा गोळा आधी दिसणार आहे आणि मग उशिरा ऐकू येणार आहे. मी त्यासाठी भांडले. दिग्दर्शकाला भीती होती की प्रेक्षकाला चूक वाटेल. मी म्हटलं, त्या मधल्या सेकंदांतच तर सैनिक जगतो. रायफलच्या गोळीचं उलटं असतं. ती आवाजापेक्षा वेगाने जाते, म्हणून जवळून गेली की आधी कानाशी चाबूक वाजल्यासारखा कडाका होतो आणि मागून तिकडे बंदूक उडाल्याचा दबका ठोका येतो. त्या दोन्हींमधल्या अंतरावरून माणूस अंदाज बांधतो की मारणारा किती लांब बसलाय. असा अंदाज बांधणारा चेहरा पडद्यावर दिसला तर संवादाची गरजच काय?

खरेपणा फक्त अशा तांत्रिक गोष्टींत असतो असं मात्र मला वाटत नाही. बिल्ले बरोबर, पट्टे बरोबर, तोफेचं मॉडेल बरोबर आणि तरी सिनेमा सपशेल खोटा, असं कितीतरी वेळा होतं. उलट ‘हकीकत’ तुम्ही पूर्ण बघता. १९६४चा सिनेमा, चेतन आनंद यांचा, १९६२च्या लडाखवरचा. त्यातल्या लढायांत तुम्हाला शंभर चुका दिसत असतील, तरी तुम्ही उठत नाही. कारण त्यात माणसं थंडीत, अपुऱ्या सामानानिशी मागे सरकत असतात आणि त्यांना कुणी खोटं जिंकवत नाही. आणि ते चौघांचं गाणं, जवान आळीपाळीने घरची आठवण काढतात ते. आई त्या वेळी हातातलं काम सोडून दारात उभी राहते, आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे अजिबात बघत नाही. मला त्या गाण्याचा अर्थ तुमच्या न बघण्यातून कळला.

१९३०मध्ये लुईस माइलस्टोनने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ केला, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोरांवर. त्यातले खंदक लोकांच्या लक्षात राहतात. मला रजेचा भाग सर्वांत खरा वाटतो. मुलगा घरी येतो आणि गावातली मोठी माणसं टेबलावर नकाशा पसरून, बोटं फिरवत त्यालाच समजावतात की पॅरिसवर कसं चालून जायला हवं. तो गप्प. आपल्याकडे पाहुणे यायचे आणि हसत हसत विचारायचे, ‘मग, किती जणांना उडवलंत?’ तेव्हा तुम्ही ‘पाणी आणतो’ म्हणून आत जायचात. तो सिनेमा बर्लिनमध्ये लागला तेव्हा नाझींनी थिएटरात दुर्गंधीचे बॉम्ब टाकले, पांढरे उंदीर सोडले, आणि थोड्याच दिवसांत तिथे त्यावर बंदी आली. घाबरलेला, भुकेला सैनिक पडद्यावर दिसणं काही लोकांना तेव्हाही चालत नव्हतं.

पीटर जॅक्सनने २०१८मध्ये त्याच युद्धाच्या जुन्या मूक फिल्मवर काम केलं, ते मी पुन्हा पुन्हा ऐकते. ऐकते म्हणजे खरोखर डोळे मिटून. ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ बसवून त्यांनी सैनिक काय बोलत होते ते शोधलं आणि त्यांना आवाज दिला. बाकी सगळं निवेदन त्या युद्धातून परतलेल्यांच्या जुन्या मुलाखतींतून घेतलंय. लढायांची नावं नाहीत, तारखा नाहीत. उवा, उंदीर, संडास, चिखल, चहा, मित्र. वहीत तुम्हीसुद्धा सर्वांत जास्त ओळी ओल्या मोज्यांवर लिहिल्या आहेत. (हो, वाचली आहे मी. आईला माहीत आहे.)

पण बाबा, ज्या सिनेमामुळे मी सही केली, त्यात लढाई जवळजवळ नाहीच. विल्यम वायलरचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’, १९४६चा. दुसऱ्या महायुद्धातून तीन माणसं आपल्या गावी परततात, एवढंच. वायलर स्वतः युद्धाच्या काळात बॉम्बफेकी विमानांतून उडून चित्रीकरण करत होता. विमानाच्या आवाजाने त्याचे कान गेले. परतल्यावर पहिला सिनेमा त्याने हा केला, आणि सेटवर नटांचं बोलणं ऐकायला त्याला हेडफोन लावावे लागत. मी हे वाचलं आणि तुमचं कानाचं मशीन डोळ्यांसमोर आलं.

त्यातला होमर नावाचा खलाशी दोन्ही हात गमावून आलेला आहे. तो हॅरॉल्ड रसेलने केला. रसेल खराच सैनिक, सरावाच्या वेळी स्फोटात त्याचे हात गेले होते. त्या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले. एका रात्री होमर त्याच्या मैत्रिणीला स्वतःच्या खोलीत नेतो, माझ्याबरोबर राहणं म्हणजे काय ते एकदा बघ म्हणून. खांद्यावरचे पट्टे सरकवत तो लोखंडी आकडे काढून ठेवतो आणि सांगतो, आता हे दार बंद झालं तर मला ते उघडता येणार नाही. ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. इतकंच. बंदूक नाही, झेंडा नाही. युद्धाबद्दल इतकं खरं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. रात्री तुम्ही मशीन काढून डबीत ठेवता आणि त्यानंतर घरात तुमच्यासाठी एकही आवाज उरत नाही, फक्त कानातला तो सूं आवाज. तेव्हा आई तुमच्या हातावर हात ठेवून दिवा मालवते. हे मी लहान असताना दाराच्या फटीतून पाहिलंय. माझ्या मते युद्धपट तिथपर्यंत पोचला पाहिजे.

तो सूं आवाज सिनेमात काहींनी आणलाय. एलेम क्लिमोव्हच्या १९८५च्या ‘कम अँड सी’मध्ये जंगलात बॉम्ब पडतात आणि त्यानंतर बराच वेळ आपल्यालाही त्या मुलाच्याच कानाने ऐकावं लागतं, सगळं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. क्लिमोव्ह लहानपणी स्टालिनग्राडच्या लढाईतून आईबरोबर व्होल्गा ओलांडून निघाला होता. स्पीलबर्गच्या १९९८च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्येही किनाऱ्यावर कॅप्टनचे कान असेच बंद होतात, आणि त्या लढाईत पार्श्वसंगीत अजिबात नाही. तो लागला तेव्हा अमेरिकेत जुन्या सैनिकांसाठी मदतीची फोनलाइन सुरू करावी लागली होती. म्हणून बाबा, आमचा सिनेमा तयार झाला तरी तुम्ही तो बघायचा नाही. मी आग्रह करणार नाही, कुणाला करूही देणार नाही. आईने बघावा, वाटलं तर.

आमच्या गोष्टीतही शत्रू दिसत नाही. तोफेवरच्या माणसाला तो दिसतच नाही ना. पुढच्या ओपीवरून, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यावरून आकडे येतात, ती माणसं नळी फिरवतात, साधारण १५ किलोचा एकेक गोळा उचलून देत राहतात, आणि मग समोरून उत्तर येण्याची वाट बघतात. दोन तास त्या वाट बघण्याचे. लोक कंटाळतील असं निर्माते म्हणाले, दिग्दर्शक हटला नाही. असं काम पुन्हा माझ्याकडे येईल असं मला वाटत नाही. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर त्याने तयार लायब्ररीतले स्फोट लावले असते, आणि ते मला झोपू देणारं नव्हतं.

आता माझं ऐका. कानाची तपासणी करून खूप दिवस झालेत, ती या महिन्यात करायचीच. मागच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या आसपास, उंच सुरांपाशी, जो खड्डा होता तो तोफांचाच, सगळे डॉक्टर तेच सांगतात. त्यामुळे स, श, फ हे आवाज गळतात आणि बायकांचं बोलणं पुरुषांपेक्षा कमी कळतं. आई, म्हणून तुझंच बोलणं त्यांना ऐकू येत नाही, ते मुद्दाम करत नाहीत. तू स्वयंपाकघरातून ओरडू नकोस. समोर ये, चेहरा दिसू दे, सावकाश बोल. बाबा, मशीन दिवसभर घालायचं, फक्त पाहुणे आल्यावर नाही. नव्या बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवायची. तोल जातो हे डॉक्टरांना सांगायचं, ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. दारासाठी दिव्याची बेल पाठवतेय, दाबली की खोलीत उजेड होतो. ती पलंगावरून दिसेल अशी लावून घ्या, कपाटामागे नको. तपासणीला दादा सुट्टी काढून येणार आहे, त्याला ‘कशाला त्रास’ म्हणून परत पाठवू नका.

आणि बाबा, एकच विचारायचं आहे. सिनेमासाठी विचारतेय, आणि मला स्वतःलाही हवंय. सांगावंसं वाटलं नाही तर ही ओळ वाचलीच नाही असं समजा. तोफ उडते, कान बंद होतात, मग हळूहळू उघडतात. उघडताना सर्वांत आधी काय ऐकू येतं? उत्तर कागदावर लिहा, आईकडून सांगवू नका. सोबत तपासणीचा कागदही पाठवा.

तुमची,
मनू