झेब्रा पट्ट्यावर आधी हक्क पादचाऱ्याचा

महोदय,

सांगली-मिरज रस्त्यावर पादचाऱ्याने झेब्रा पट्ट्यावर पाऊल टाकले की वाहनचालक थांबण्याऐवजी हॉर्न वाजवतात. सिग्नल नसेल तर थांबायची गरज नाही, असा अनेकांचा समज आहे. नियम नेमका उलट आहे. २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पट्ट्याजवळ चालकाने वेग कमी करून थांबायचे आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. सिग्नल असेल तिथे थांबरेषेच्या मागे उभे राहायचे. पण दुचाक्या थेट पट्ट्यावरच उभ्या असतात आणि म्हातारी माणसे त्यांच्यामधून वाट काढतात. हे पाहवत नाही. शाळा-कॉलेजांजवळचे पुसट पट्टे तरी आधी रंगवावेत. तिथे सकाळी वाहतूक पोलीसही हवा.

— एक ज्येष्ठ नागरिक, विश्रामबाग, सांगली